दादाची दारू आणि आमचे चौदा महिने

पहिला फोन मी बाथरूममधून केला, नळ सोडून. बाहेर दादा झोपला होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून बादलीत पाण्याची धार लावली होती. पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटं माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्याचा आवाज कसला येतोय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. त्यांच्याबद्दल बोलूच. आधी तुमची झोप किती होते ते सांगा." मला उत्तर देता येईना. बादली भरून वाहायला लागली होती.

ही गेल्या वर्षीची १२ जानेवारी. या जानेवारीत काउन्सेलरकडचं कुटुंबासाठीचं आमचं शेवटचं सत्र झालं, म्हणून लिहायला बसले. दादाने हे वाचलंय. दोन वाक्यं त्याने खोडली, त्यातल्या एकावरून आमचं भांडण झालं, आणि शेवटी ते खोडलेलंच राहिलं.

दादा सात-आठ वर्षं पीत होता. आधी शनिवारी, मग कारण असेल तेव्हा, मग कारण शोधून, आणि शेवटची दोन वर्षं सकाळी दात घासायच्या आधी. याच्या तपशिलात शिरत नाही. घराचं काय झालं होतं ते सांगते.

भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. संध्याकाळी खेळून आला की आधी दारातल्या बापाच्या चपला बघायचा. जोडीने भिंतीशी लावलेल्या असल्या तर सरळ आत. एक इकडे, एक तिकडे असली तर पाय न वाजवता दप्तर उचलायचं आणि शेजारी अभ्यासाला जायचं. एखादी उलटी पडली असेल तर शेजारीच झोपायचं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आम्हाला कळलं तेही फार उशिरा, जिन्यात तो दुसऱ्या एका मुलाला हे समजावून सांगत होता तेव्हा. मुलं खेळाचे नियम सांगतात ना, त्या सुरात.

वहिनी दादाच्या ऑफिसला फोन करायची. ताप, जुलाब, पाठ धरली, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचंय. एका वर्षात दादाला दोनदा कावीळ झाली, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, आता दुसरं काहीतरी काढा." ती म्हणाली, "तुम्हीच सुचवा, ताई." आणि आम्ही दोघी हसत सुटलो. त्या हसण्याची आता लाज वाटते, पण तेव्हा तेवढंच होतं.

माझ्याकडे पैशांचं खातं होतं. दादाचा हप्ता चुकला की मी भरायची आणि आईला सांगायचं नाही. आई त्याला वरखर्चाला द्यायची आणि मला सांगायची नाही. त्याच्या शाळेपासूनच्या मित्राने तीनदा पैसे दिले, चौथ्यांदा त्याने फोन उचलणं बंद केलं. घराच्या किल्लीचा आवाज आला की तिघींच्याही हातातलं काम थांबायचं. माझी दाढ तडकली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "रात्री दात खाता का?" मी म्हटलं, मला कसं माहीत असणार, मी झोपलेली असते. ते खरं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या आणल्या. रुग्णाच्या नकळत द्या, दारू आपोआप सुटते, असं तिला सांगितलेलं. चार दिवस ती गोळी कुटून दादाच्या जेवणात मिसळत होती. पाचव्या दिवशी दादा पिऊन आला आणि तासाभरात त्याचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली. उलट्या थांबेनात, छाती धडधडतेय म्हणून तो ओरडायला लागला. इमर्जन्सीत डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काय घेतलं होतं? आम्ही सांगत होतो, नेहमीचीच. आई कोपऱ्यात गप्प. शेवटी एका नर्सने तिला बाजूला नेलं आणि तिने पदराच्या गाठीतून पाकीट काढून दिलं.

औषधाचं नाव डायसल्फिराम. डेन्मार्कमधल्या दोन संशोधकांनी १९४८ साली ते दारूवरचं औषध म्हणून पुढे आणलं, म्हणजे औषध जुनं आहे आणि खरंही आहे. दारू शरीरात मोडताना मध्येच अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी त्याचा लगेच निचरा होतो, ही गोळी तो निचरा अडवते. मग वर थोडीशी दारू गेली तरी असा त्रास होतो, रक्तदाब कोसळू शकतो, हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. म्हणून शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. हे सगळं घेणाऱ्याला माहीत असायला हवं, किंबहुना माहीत असण्यातच तिचा अर्धा उपयोग आहे. डॉक्टर आईला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी मला विचारून."

दादा वाचला, पण घरात जेवेनासा झाला. पानावर बसायचा, आईकडे बघायचा आणि उठायचा. आधी फक्त आम्ही त्याच्यावर नजर ठेवून होतो, आता तोही आमच्यावर ठेवायला लागला.

म्हणून तो बाथरूममधला फोन.

मला वाटलं होतं, त्या बाई दादाला कधी घेऊन यायचं ते सांगतील. त्यांनी आम्हालाच बोलावलं, त्याच्याशिवाय. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती: पिणारा तयार नसला तरी घरच्यांना एकट्याने काउन्सेलरकडे जाता येतं. त्याची परवानगी लागत नाही, त्याची फाइल लागत नाही. आमची फाइल आमच्या नावाने उघडली. कव्हरवर माझं नाव बघून मला चुकून उघडल्यासारखं वाटलं.

काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच दिवशी वही करायला सांगितली. तीन रकाने: तारीख, त्याने काय केलं, आपण काय केलं. चौदा दिवस. पहिले दोन रकाने आम्ही भराभर भरले, त्यात आम्ही तरबेज होतो. तिसऱ्यात काय लिहायचं यावरून वहिनी आणि मी अडलो. मग लिहायला लागलो. ऑफिसला फोन केला, ताप सांगितला. ओकारी पुसली. बाटली ओतून दिली. दुसरी बाटली शोधली, वॉशिंग मशीनच्या मागे. हप्ता भरला. शेजाऱ्यांना म्हटलं, टीव्हीचा आवाज होता. आई दीड वाजेपर्यंत जागी. चौदा दिवसांत आईच्या अकरा रात्री जागून गेल्या होत्या. मॅडमनी वही वाचली आणि दुसऱ्या रकान्यावर हात ठेवून तो झाकला. "आता हेच पुन्हा वाचा," म्हणाल्या. नुसता तिसरा रकाना वाचला तर तीन बायका कुठल्या तरी कारखान्यात तीन पाळ्यांत राबतायत असं वाटत होतं.

या बैठकांत त्यांनी आम्हाला जे शिकवलं ते ऐकायला फार साधं आहे. तो प्यायलेला असताना वाद घालायचा नाही, बोलायचं ते सकाळी, शुद्धीत असताना, आणि थोडक्यात. ज्या संध्याकाळी तो न पिता आला, त्या संध्याकाळी त्याच्यासोबत बसायचं, आणि "आज कसा काय विसरलास?" असले टोमणे मारायचे नाहीत. (हे आईला सगळ्यात जड गेलं.) पिऊन आला तर शांतपणे आपापल्या कामाला लागायचं. आणि पिण्यामुळे झालेलं जे नुकसान जिवावरचं नाही, ते त्याचं त्याला निस्तरू द्यायचं. मारहाण होत असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, आधी सुरक्षित जागी जायचं, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रत्येकीला वेगवेगळं बसवून विचारून घेतलं होतं. या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात, ती अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० नातेवाइकांना तीन गटांत वाटलं होतं. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा माणूस उपचाराला तयार झाला. सगळ्यांनी मिळून त्याला घेरून जाब विचारायचा, या पद्धतीत ३० टक्के. मी हिशेबी बाई आहे, त्या ६४ वर माझा जीव अडकला. उरलेल्या ३६ चं काय, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

६ फेब्रुवारीला वहिनीने फोन केला नाही.

सकाळचे साडेनऊ. दादा पलंगावर आडवा, डोळ्यांवर हात. त्याचा मोबाइल टेबलावर. वाजला. स्क्रीनवर त्याच्या साहेबांचं नाव. वहिनी समोर उभी राहून कपड्यांच्या घड्या घालत होती. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, टेबलावर थरथरत कडेपर्यंत आला. आईने पुढे हात केला, मी तिचा हात धरला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "तुमचा आहे." आणि तिने उशीच्या अभ्र्याची चार वेळा घडी घातली. दादाने फोन घेतला. जड जिभेने काहीतरी बोलला. ते पलीकडे कळलं असणार, कारण बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

पुढच्या आठवड्यात त्याला लेखी ताकीद आली आणि बारा दिवसांची बिनपगारी रजा लागली. आई चार दिवस वहिनीशी बोलली नाही. "तुम्ही दोघी मिळून माझ्या पोराची नोकरी घालवणार," हे मला ऐकवलं. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती. पगार थांबला असता तर हे लिखाण मी वेगळ्या सुरात केलं असतं, किंवा केलंच नसतं. हे पाऊल काउन्सेलरशी बोलून, किती दिवस ओढता येईल याचा हिशेब मांडूनच उचला. आम्ही तीन महिन्यांचा घरखर्च माझ्या खात्यात बाजूला काढून ठेवला होता.

३ मार्चला सकाळी दादा दाढी करत होता. हात इतका थरथरत होता की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. आरशातूनच मला म्हणाला, "ते तुम्ही जाता ना, तिथे मला कधी नेणार?" माझ्याकडे वहीत लिहून ठेवलेलं भाषण होतं. ते न देता म्हटलं, "आज वेळ मिळते का बघते." पहिल्या भेटीत त्याच्या हातात दहा प्रश्नांचा कागद दिला. ही जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' चाचणी, ४० पैकी गुण असतात. आठ किंवा त्यावर गेलं तरी लक्ष द्यायला हवं, वीस आणि पुढे म्हणजे व्यसन जडल्याची दाट शक्यता. दादाला २९ पडले. चार प्रश्नांत तर त्याने धडधडीत खोटं लिहिलं होतं.

खाट मिळायला अकरा दिवस होते. या सगळ्या प्रकरणातले सगळ्यात वाईट अकरा दिवस. माणूस तयार झालाय, आणि रोज संध्याकाळी वाटतं की उद्या फिरेल. त्यात डॉक्टरांनी सांगितलं, दाखल होईपर्यंत त्याला एकदम बंद करायला लावू नका. आम्हाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, ज्यात माणूस जातोही. 'कोंडून ठेवा चार दिवस, उतरेल आपोआप' असं सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. आमच्याकडे दोन होते.

१४ मार्चला निघायच्या आधी दादाला शर्टाची बटणं लावता येईनात. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, थरथर थांबेल इतपतच द्या, चढेल इतकी नको, आणि सोबत कुणीतरी बसा. आईने पेला घेतला. सात वर्षं जिने बाटल्या मोरीत ओतल्या, तिने औषध मोजावं तसं डोळ्यांसमोर धरून ओतलं. दादाने तिच्याकडे न बघता घेतलं. पंधरा मिनिटांनी बटणं लागली.

कागद असे लागले: त्याचं ओळखपत्र, दोन फोटो, नोव्हेंबरच्या इमर्जन्सीचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांसकट. रक्त, लिव्हर, ईसीजी तिथेच केलं. सही त्याची स्वतःची लागते आणि शुद्धीत लागते. तोंडाला वास येत होता म्हणून आम्हाला कॉरिडॉरमध्ये पाच तास बसवलं, डॉक्टर तासातासाने येऊन त्याला तारीख, वार, कुठे आलोय ते विचारून जायचे. मग सही. बॅगेतून मोबाइल, रेझर, आफ्टरशेव्ह, माउथवॉश, सेंट काढून परत दिलं. शेवटच्या तिघांत अल्कोहोल असतं. नेऊच नका.

एक कागद असतो, त्याच्या उपचारांची माहिती कुणाला द्यायची त्याचा. दादाने फक्त माझं नाव लिहिलं. वहिनीचं नाही. ती शेजारीच बसली होती, तिने ते वाचलं, पर्स उघडली, बंद केली. काउंटरवरच्या मुलाला हे रोजचं असावं, तो म्हणाला, "नंतर कधीही नाव वाढवता येतं, मॅडम." नाव वाढायला सोळा दिवस लागले. तोवर नवऱ्याची तब्येत तिला माझ्याकडून कळायची, आणि मी कितीही जपून सांगितलं तरी आमच्यात एक काच आली. अनामत रक्कम वहिनीच्या दीड महिन्याच्या पगाराइतकी होती. सगळं मिळून खर्च तिच्या चार महिन्यांच्या पगाराला पोचला, आणि त्याचं कारण तिसरी रात्र.

तिसऱ्या रात्री २ वाजून ४० मिनिटांनी फोन आला. दादाला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, तो त्या चादरीने झटकत होता, नर्सला आमच्या वारलेल्या बाबांच्या नावाने हाका मारत होता. त्याला आयसीयूत हलवलं. नवीन सही, या वेळी माझी, कारण तो देऊ शकत नव्हता. छत्तीस तास. शिरेतून औषधं, बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं, पलंगाला मऊ पट्टे. मी काचेतून बघत होते आणि एकच विचार मनात होता, त्या काकांचं ऐकून आम्ही याला घरात कोंडलं असतं तर. पाचव्या दिवशी त्याने मला ओळखलं. "दाढी वाढलीय माझी," म्हणाला.

तो आत असताना घरी शांतता होईल असं वाटलं होतं. झाली, आणि आम्हाला ती झेपेना. आई अकराला उठून दार उघडून बघायची. वहिनी आणि मी फालतू गोष्टींवरून कडाकडा भांडलो: पंखा, गॅलरीतले कपडे. इतकी वर्षं एकाच माणसाकडे बघत बसलो होतो, तो समोरून हलल्यावर एकमेकींकडे बघायची वेळ आली.

दर शनिवारी कुटुंबांची बैठक असायची, दोन तास. तिथूनच आम्हाला अल-अनॉनचा पत्ता मिळाला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस पिणाऱ्यांसाठी, १९३५ पासूनची. तिच्या संस्थापकांपैकी एकाच्या बायकोने, लोइस यांनी, १९५१ साली घरच्यांसाठी हे वेगळं उभं केलं. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. पहिल्या मीटिंगला मी दाराजवळच्या खुर्चीत बसले, निसटायला बरं म्हणून. एक साठीच्या बाई बोलत होत्या. त्यांचा मुलगा अजून पितो. सात वर्षं त्या येतायत. मला कळेना, मग येतात कशाला? मीटिंगनंतर त्या मला म्हणाल्या, "मी संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जाते आता. आधी खिडकीत बसायचे." आम्हाला तिथे वारंवार सांगितलं जायचं की हे आपल्यामुळे झालेलं नाही, आपल्या ताब्यात नाही आणि बरं करणंही आपल्या हातात नाही. पहिली दोन मला पटली. तिसऱ्याशी माझं अजून भांडण आहे.

भाच्याशी मॅडम एकट्याच बोलल्या, चाळीस मिनिटं. बाहेर येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की त्याचा समज होता, तो गणितात नापास झाला तेव्हापासून बाबा प्यायला लागले. मुलांना घरातलं काही कळत नाही असं समजून त्यांना काहीच न सांगणं ही आमची सगळ्यात मोठी चूक. कळतं त्यांना, फक्त कारण ते स्वतःच शोधून काढतात.

१३ एप्रिलला डिस्चार्ज. कार्डावर निदानाच्या रकान्यात 'एफ १०.२', म्हणजे रोगांच्या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत दारूच्या अवलंबित्वाचा कोड. ऑफिसला द्यायचा दाखला वेगळा मागून घ्या. आमच्या डॉक्टरांनी त्यात फक्त 'या तारखेपासून या तारखेपर्यंत दाखल' इतकंच लिहिलं. विमा कंपनीने दावा फेटाळला, व्यसनाचा उपचार पॉलिसीत बसत नाही म्हणून. आमची फाइल दोनदा गहाळ केली तीही त्यांनीच. आयसीयूचं बिल वेगळं काढून, डॉक्टरांचं पत्र लावून पुन्हा अर्ज केला, तेवढे पैसे सात आठवड्यांनी मिळाले. दाखल करायच्या आधीच लेखी विचारून ठेवा आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या.

घरी आल्यावर दादाला रोज नाल्ट्रेक्सोनची गोळी होती, ओढ कमी करणारी. गोळी देणं माझ्याकडे घ्यायला मी टपलेलीच होते. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा तिसरा रकाना भरायचाय का?" गोळी त्याची त्याने घ्यायची ठरलं.

जूनच्या सुरुवातीला, बरं वाटतंय म्हणून, त्याने ती बंद केली. २० जूनला भाचा आत आला आणि म्हणाला, "आत्या, एक उलटी आहे."

मला वाटलं होतं, पुन्हा प्यायला तर मी मोडून पडेन. तसं झालं नाही, राग आला. चार महिन्यांचा पगार, आयसीयूची काच, सगळं घशाशी आलं. मी गच्चीवर गेले आणि मीटिंगमधल्या त्या बाईंना फोन लावला. वहिनीने दादाला पाणी दिलं, भाच्याला घेऊन झोपायला गेली. सकाळी शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "डॉक्टरांची वेळ तुम्ही घेताय की जायचं नाही?" त्याने घेतली, दुपारी. नऊ दिवस रोज जाऊन-येऊन उपचार, गोळी परत सुरू. या वेळी ऑफिसला रजेचा फोन त्याने स्वतः केला. आजारपणाचं कारण विचारलं तर काय सांगू, असं मला विचारलं. मी म्हटलं, "कावीळ सोडून काहीही." वहिनीला ठसका लागला.

पैसे फेडायला डिसेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये दादा त्या मित्राकडे पहिला हप्ता घेऊन गेला, आणि मित्र त्याच्यासोबत घरी आला, साडेतीन वर्षांनी. बराच वेळ दोघं पंख्याकडे बघत बसले होते. निघताना तो जिन्यात मला म्हणाला, "तिसऱ्यांदा पैसे दिले तेव्हा मला माहीत होतं कशाला हवेत. नाही म्हटलं असतं तर मैत्री तुटेल वाटलं. मग फोन उचलायची लाज वाटायला लागली." आम्ही त्याला इतकी वर्षं पळपुटा म्हणत होतो.

दादाला २१ जूनपासून आज इतके दिवस झाले असा आकडा मी इथे टाकणार होते. त्याने खोडलेल्या वाक्यांपैकी ते एक. "उद्या शून्य झाला तर लोकांना काय सांगशील?" म्हणाला. ज्यावरून भांडण झालं ते हेच. वहिनीचं नाव आता सगळ्या कागदांवर आहे, पण त्या सोळा दिवसांबद्दल ती अजून त्याच्याशी बोललेली नाही. शेवटच्या सत्रात मॅडमनी मला पुन्हा झोपेचं विचारलं. साडेपाच तास, मी सांगितलं. दाढेवर कॅप बसवलीय.

काल रात्री दादाला यायला उशीर झाला. किल्लीचा आवाज आला, दार लागलं, तो हात धुवायला गेला. आई आतल्या खोलीतून भाच्याला हळूच म्हणाली, "चपला बघितल्यास का रे?"

तो मोबाइलवर काहीतरी खेळत होता. "विसरलो," म्हणाला.

मग आई स्वतः उठून बघून आली.